विधवा मालकीण, न झालेली ३२ग आणि नवा खरेदीदार: कुळाचा हक्क अजून शिल्लक आहे का?

प्रश्नातली हकीकत थोडक्यात अशी. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव. सव्वा एकर भातजमीन आणि वर थोडं वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन). आजोबा १९५० च्या आधीपासून कूळ म्हणून कसत होते, खंड (जमिनीचं भाडं) भाताचा होता, पुढे तो मनीऑर्डरने मुंबईला जाऊ लागला. १९५७ साली जमीन एका विधवा बाईंच्या नावावर होती, म्हणून कुळकायद्याच्या कलम ३२ग ची, म्हणजे कुळाने द्यायची किंमत ठरवण्याची, चौकशी "तहकूब" राहिली ती कायमची. बाई १९८८ मध्ये वारल्या. त्यांच्या पुतण्याने अलीकडे जमीन विकली आणि नव्या खरेदीदाराची मोजणीची नोटीस घरी आली. हस्तलिखित सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात आजोबांचं नाव आहे, संगणकीकृत उताऱ्यावर मात्र ते दिसत नाही. गावात सांगितलं गेलं की बाई वारल्यावर दोन वर्षांत अर्ज करायला हवा होता, तो केला नाही, तेव्हा हक्क बुडाला. प्रश्नकर्ते मुंबईत नोकरीला आहेत, जमीन त्यांचा भाऊ कसतो, आणि खरेदीदार थोडे पैसे घेऊन सही द्या म्हणतो आहे.

हक्क बुडालेला नाही. माझ्या मते तुमची बाजू बरीच भक्कम आहे, पण ती मांडण्याचा क्रम चुकला तर भक्कम बाजूही वर्षानुवर्षं रखडते. कारणं सविस्तर सांगतो.

कुळकायद्याचं पूर्वीचं नाव मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. आता त्यात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं आहे. तो २८ डिसेंबर १९४८ पासून लागू झाला, पण कुळांच्या दृष्टीने खरी कलाटणी मिळाली ती १९५६ च्या दुरुस्तीने. त्या दुरुस्तीने कलम ३२ बदललं आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होतं त्याने ती जमीन मालकाकडून विकत घेतली असं कायद्यानेच मानलं. कुळाने अर्ज करायचा नव्हता, मालकाने खरेदीखत द्यायचं नव्हतं. जमीनमालकांनी ही दुरुस्ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत आव्हानात नेली आणि ती तिथे टिकली. मालकी त्या दिवशीच कुळाकडे जाते, ३२ग ची चौकशी होते ती फक्त किंमत ठरवायला, हे तेव्हापासून पक्कं आहे. तलाठ्यापासून वकिलापर्यंत अनेकजण अजूनही "३२ग झाली नाही म्हणजे मालकी आली नाही" असं बोलतात. १ एप्रिल १९५७ ला मालक धडधाकट आणि सज्ञान असेल, तर हे बोलणं साफ चूक आहे. शेतजमीन न्यायाधिकरणाने (व्यवहारात तहसीलदारानेच) आपण होऊन नोटिसा काढून किंमत ठरवायची होती. त्याने ते केलं नाही, याचं खापर कुळावर फुटत नाही.

तुमच्या बाबतीत मालकीण विधवा होती. अशा मालकांसाठी कलम ३२फ आहे. मालक अज्ञान असेल, विधवा असेल, किंवा शारीरिक वा मानसिकदृष्ट्या दुर्बल असेल, तर १९५७ चा आपोआप खरेदीचा नियम लांबणीवर पडतो. विधवेच्या बाबतीत कलम ३१ नुसार तिचा हक्क संपल्यावर, म्हणजे ती वारल्यावर किंवा तिने जमीन दिल्यावर, तिच्या वारसाला एक वर्ष मिळतं. स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागायची तर त्याने त्या वर्षात मागायची. ते वर्ष संपलं की पुढच्या एका वर्षात कुळाने मालकाला आणि न्यायाधिकरणाला "मी घेतो" असं कळवायचं. गावात सांगितलेली दोन वर्षं आली ती इथून. बाई १९८८ ला गेल्या, तेव्हा १९९० ला दार बंद, असा तो हिशेब.

कागदावर हा हिशेब बरोबर दिसतो आणि बरीच वर्षं न्यायालयांतही तो चालला. त्या काळात कोकणातली शेकडो कुळं याच एका मुद्द्यावर हरली. मालकीण मुंबईत किंवा पुण्यात वारली, कुळाला पत्ता नाही. खंड घ्यायला पुतण्या यायचा तसाच येत राहिला, किंवा मनीऑर्डर त्याच पत्त्यावर जात राहिली. कुळाला कळणार कसं की आपलं एक वर्ष सुरू झालं? १८ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वसंत गणपत पडवे विरुद्ध अनंत महादेव सावंत या प्रकरणात नेमका हाच प्रश्न घेतला. विधवेचा हक्क संपला ही गोष्ट तिच्या वारसाने कुळाला कळवली पाहिजे आणि कुळाची मुदत त्यानंतरच मोजायची, असा अर्थ न्यायालयाने ३२फ मध्ये वाचला. नाहीतर ज्या कुळासाठी कायदा केला त्याचाच हक्क त्याच्या नकळत मारला जाईल, हा त्यामागचा विचार. निकाल मुळातून वाचा, निदान शेवटचा भाग तरी. तुमच्या तहसील कचेरीतल्या लिपिकाला तो माहीत असेलच असं धरून चालू नका. अर्जाला प्रत जोडा.

म्हणून पहिला प्रश्न मी तुम्हाला हा विचारीन: पुतण्याने तुमच्या घरी कधी लेखी कळवलं होतं का, की काकू वारल्या आणि आता मी मालक? नोटीस, रजिस्टर पत्र, निदान स्वतःच्या नावाने दिलेली खंडाची पावती? तसं काही नसेल तर १९९० ची मुदत तुमच्या आड येत नाही. पुतण्याच्या नावाची पावती असेल तर समोरचा वकील म्हणेल की कुळाला माहीत होतं. मग वाद होईल. पावतीवरून माहिती होणं वेगळं आणि वारसाने रीतसर कळवणं वेगळं, असा युक्तिवाद करता येतो आणि तो करावा.

त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा, कारण तिने सगळं चित्र पालटू शकतं. १९५७ साली जमीन खरोखर एकट्या विधवेचीच होती का? ३२फ ला एक परंतुक आहे. विधवा एकत्र कुटुंबातली असेल आणि त्या कुटुंबात दीर किंवा सज्ञान मुलगा असा एक जरी सुदृढ सज्ञान माणूस असेल, तर लांबणीवर टाकण्याची सवलत मिळत नाही. ती मिळायची तर ३१ मार्च १९५८ च्या आधी तिचा हिस्सा सरसनिरस मानाने (जमिनीची बरीवाईट प्रत पाहून), मोजमापाने वेगळा झालेला हवा, आणि वाटणीत जमिनीचा जास्त भाग मुद्दाम तिच्या पदरात टाकलेला नाही अशी खात्री महसूल अधिकाऱ्याने चौकशीत करून घेतलेली हवी. कुळकायदा येतो आहे म्हटल्यावर अनेक घरांत घाईने जमीन विधवा वहिनीच्या किंवा अज्ञान मुलाच्या नावावर चढवली गेली. ते ओळखूनच कायद्याने ही अट घातली. तुमच्या मालकिणीला पुतण्या होता, म्हणजे दीर होता. तो १९५७ ला हयात होता का, कुटुंब एकत्र होतं का, तिच्या नावाचा फेरफार (नाव बदलल्याची महसुली नोंद) कोणत्या सालचा आणि कशाच्या आधारे, हे सगळं शोधा. फेरफार नवऱ्याच्या मृत्यूच्या वारसाचा असेल तर एक अर्थ. १९५६-५७ च्या सुमाराचा वाटणीचा असेल तर दुसरा. दुसरा निघाला तर ३२फ लागूच होत नाही, आणि तुमचे आजोबा १ एप्रिल १९५७ लाच मालक झाले. मी अर्जात दोन्ही मुद्दे घेईन: मुख्य म्हणणं हे, आणि ते न टिकल्यास पडवे निकाल.

आता कागद. संगणकीकृत उताऱ्यावर नाव नाही म्हणून घाबरू नका, पण स्वस्थही बसू नका. हस्तलिखित उताऱ्यावरून नाव संगणकावर चढवताना गळालं असेल आणि ते कमी करणारा कोणताही फेरफार नसेल, तर ती लेखनातली चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार ती दुरुस्त करतो. हा अर्ज स्वतंत्र आणि आधी द्या, तो तुलनेने लवकर निघतो. पण फेरफार सापडला तर त्यात काय लिहिलंय ते बघा. "कुळाने जबाब दिल्यावरून नाव कमी केले" असली ओळ कोकणात सर्रास दिसते. आजोबांचा अंगठा घेतलेला असतो. त्यालाही उत्तर आहे. कुळाने जमीन सोडायची तर कलम १५ प्रमाणे राजीनामा लेखी हवा, आणि तहसीलदाराने स्वतः कुळाला विचारून, त्याला परिणाम समजले आहेत व तो राजीखुशीने देतो आहे याची खात्री करून तसा शेरा मारायला हवा. ही पद्धत बंधनकारक आहे, नुसता उपचार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये रामचंद्र केशव अडके प्रकरणात सांगितलं. तलाठ्यासमोरच्या किंवा सर्कलसमोरच्या जबाबाने कुळवहिवाट संपत नाही. कलम २९ प्रमाणे मालकाला कुळाकडून ताबा घ्यायचा तर तोही तहसीलदाराच्या हुकुमानेच.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून १९४८-४९ पासूनचे सातबारे, त्याआधीचं कडईपत्रक (कोकणातला जुना महसुली कागद) असेल तर ते, कुळांची नोंदवही आणि त्या गटाचे सगळे फेरफार यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर जुळवणारा उताराही घ्या. तो विसरला की समोरचा म्हणतो, ही जमीन ती नव्हेच. मनीऑर्डरच्या पावत्या कितीही जीर्ण असोत, जपून ठेवा. कुळाच्या कामात त्यांच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही: रक्कम, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि टपालाचा शिक्का, सगळं एका कपट्यावर. घरच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, जुन्या पंचांगात शोधा.

ताब्याचा मुद्दा यापेक्षाही मोठा. जमीन भाऊ कसतो हे पुरेसं आहे. घरच्या माणसाने कसणं किंवा आपल्या देखरेखीखाली मजुरीने कसून घेणं, दोन्ही कायद्याच्या व्याख्येत जातीने कसणं होतं. मात्र जमीन दुसऱ्याला अर्धेलीने (अर्ध्या पिकाच्या वाट्याने) देऊ नका, आणि वरकसात आंब्याची कलमं असतील तर ती कराराने व्यापाऱ्याला देऊन हात झटकू नका. कुळाने पोटकूळ ठेवलं की मालकाला कुळवहिवाट संपवायचं कारण मिळतं. पड पडलेली शेतं हा कोकणातला नेहमीचा आजार. मजूर मिळत नाहीत, डुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत, सगळं मान्य. तरी वाद चालू आहे तोवर निदान एक खाचर तरी लावा. ई-पीक पाहणी आता खातेदाराच्या नावाने होते, त्यामुळे तुमच्या पिकाची नोंद त्या मार्गाने आपोआप लागणार नाही. पेरणीच्या आणि कापणीच्या वेळी तलाठ्याला लेखी अर्ज देऊन स्थळपाहणी मागा आणि पोच घ्या.

अर्ज कुठे करायचा? पुष्कळ लोक घाबरून आधी दिवाणी कोर्टात मनाईचा दावा लावतात. एखादा माणूस कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कलम ७०ब खाली फक्त तहसीलदाराला आहे आणि कलम ८५ ने दिवाणी कोर्टाला त्यात हात घालायची बंदी आहे. दिवाणी दाव्यात हा मुद्दा निघाला तर ८५अ खाली कोर्टाने तो तहसीलदाराकडे पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. या फेऱ्यात दावा किती वर्षं पडून राहतो हे मी सांगायला नको. म्हणून तुम्ही आधी तहसीलदाराकडे जा. ३२फ ची इच्छा-सूचना मालकाचा वारस, खरेदीदार आणि न्यायाधिकरण या तिघांना रजिस्टर टपालाने पाठवा, सोबत ३२ग ची चौकशी सुरू करण्याचा अर्ज द्या, आणि कूळ असण्याला हरकत आलीच तर ७०ब खाली निर्णय द्यावा अशी विनंती त्यातच घाला. खरेदीदार प्रत्यक्ष अडथळा करू लागला तर मात्र दिवाणी कोर्टातून ताब्यापुरती तात्पुरती मनाई मागायला लागेल. जबरदस्तीने ताबा घेतलाच, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत आणि कुळकायद्याच्या कलम २९ खाली दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. या दोन मुदती भिंतीवर लिहून ठेवा, त्यांना पडवे निकालाची सवलत नाही.

तहसीलदाराचा निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडे अपील, पुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी. दोन्हींना साठ दिवस. त्यापुढे उच्च न्यायालय.

खरेदीदार म्हणणार, मी प्रामाणिकपणे पैसे मोजून जमीन घेतली, मला कुळाची माहिती नव्हती. मालकाकडे होतं तेवढंच तो विकू शकतो. मालकी कुळाच्या हक्काच्या ओझ्यासकट होती, ती तशीच खरेदीदाराकडे गेली. शिवाय जमिनीवर दुसऱ्याचा प्रत्यक्ष ताबा असणं हीच खरेदीदाराला सूचना, असं मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मानतो. घेण्याआधी शेताच्या बांधावर जाऊन कोण नांगरतंय हे ज्याने विचारलं नाही, त्याच्याबद्दल मला व्यक्तिशः सहानुभूती वाटते, पण कायद्याची मदत त्याला फारशी होत नाही. त्याची खरी भांडण्याची जागा पुतण्याकडे आहे.

तुमच्यासारखाच प्रश्न ज्यांना वाटतो, पण ज्यांची परिस्थिती वेगळी आहे, त्यांनी सावध असावं. देवस्थानची जमीन असेल आणि ट्रस्टने कलम ८८ब चं प्रमाणपत्र घेतलेलं असेल, तर कूळ कूळच राहतं, मालक होत नाही. १ एप्रिल १९५७ नंतर जमीन कसायला घेतलेल्यांना ३२ओ लागू होतं. तिथे कुळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत खरेदीची इच्छा कळवायची असते आणि ती बहुतेकांनी कळवलेली नसते. त्यांना पडवे निकाल जसाच्या तसा पुढे करता येणार नाही. मालकाच्या घरचा माणूस, पगारी गडी आणि ताबागहाणदार (जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा) कूळ ठरत नाहीत. पण "गडी होता" असं मालक म्हणाला म्हणून कोणी गडी ठरत नाही. पिकाचा वाटा मिळत होता की रोख वा धान्यातली मजुरी, हे बघतात. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कायदा आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आहे. तिथली कलमं आणि तारखा वेगळ्या, विदर्भात तर मालकी जाण्याची तारीखच १ एप्रिल १९६१ आहे. गोव्यात १९६४ चा कायदा आणि कुळाला मालकी देणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती. इथलं उत्तर तिथे उचलून नेऊ नका.

किंमत किती पडेल असंही तुम्ही विचारलंय. कलम ३२ह प्रमाणे साध्या कुळासाठी ती जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी शेतसाऱ्याच्या, वीस पट ते दोनशे पट या दरम्यान ठरते. त्यात मालकाने बांधलेलं काही असेल, त्याने लावलेली झाडं असतील तर त्यांची किंमत आणि थकलेला खंड मिळवतात. आकार साडेचार रुपये असेल तर जमिनीची किंमत नव्वद ते नऊशे रुपये. आकडा वाचून हसू येतं, आणि आजचे गुंठ्याचे भाव ऐकले की पुतण्याने ती का विकली आणि खरेदीदार सहीसाठी पैसे का देतो आहे, हेही कळतं. किंमत भरली की ३२म चं प्रमाणपत्र मिळतं. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. कित्येक घरांत प्रमाणपत्र आहे पण नोंदणी नाही, फेरफारही नाही. सातबाऱ्यावर मग "कलम ४३ ला पात्र" असा शेरा येतो, म्हणजे विक्रीवर बंधन. २०१४ च्या दुरुस्तीपासून, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून पूर्वपरवानगीशिवाय ती जमीन विकता येते, घेणारा शेतकरी हवा.

राहिली सही. खरेदीदाराच्या स्टँपपेपरवर "आम्ही कूळ नाही, कधीच नव्हतो" असं लिहिलेलं असणार. वर सांगितल्याप्रमाणे अशा कागदाने कुळवहिवाट संपत नाही, पण प्रत्येक पायरीवर तो तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल आणि तुमच्या भावाची उलटतपासणी त्याच कागदावर होईल. तेव्हा आज सही नको. अर्ज दाखल झाल्यावर तडजोड करावीशी वाटली तर ती तहसीलदारासमोर, कलम १५ च्या रीतीने, आणि सगळ्या वारसांच्या संमतीने. सगळ्या म्हणजे लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणीसुद्धा. आजोबांच्या आणि वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाची नोंद झालेली नसेल तर दोघांचे मृत्यूचे दाखले आणि वारसांची यादी अर्जासोबत जोडा, आणि त्या यादीत एकही नाव गाळू नका. गाळलेल्या नावालाच गाठून खरेदीदार पुढची सही घेतो.